अवजार नसलं तरी चालेल, माप हवंच!

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नांदेडहून अर्धापूरमार्गे निघालं, की हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात वारंगा फाटा लागतो. इथं रस्ता फुटतो. एक हिंगोली, वाशीम करत अकोल्याला जातो, तर दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरच्या बाजूला. राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि ३६१ नांदेडपासून इथपर्यंत बरोबर येतात आणि इथं वेगळे होतात. एसटीच्या किंवा खासगी गाडीच्या प्रवाशांना हा फाटा तिथल्या खिचडीमुळे माहीत असतो. मालाच्या गाड्यांना मात्र अशा फाट्यांचं महत्त्व वेगळंच असतं. मोठं शहर मागे राहिलेलं असतं, पुढचं अजून लांब असतं आणि मध्येच गाडीनं दगा दिला, तर जे काही व्हायचं ते इथंच.

भरलेला ट्रक असा वाटेत उभा राहिला, की मालकाच्या डोळ्यांपुढे तीन आकडे येतात. गाडी ओढून नेण्याचा खर्च, खाडा झालेल्या दिवसांचं भाडं आणि कर्जाचा हप्ता. त्यातून बिघाड जर मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलचा निघाला, तर काम मोठं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यासाठी खास जॅक, खास पुलर, डायल गेज, टॉर्कचा पाना अशी सगळी सामग्री असते. फाट्यावरच्या मिस्तरीकडे पान्यांचा संच, घण, पहार, दोन जॅक, असलीच तर एखादी चेन पुली आणि हाताखाली एक पोरगा. तरीही तो डिफरन्शियल उतरवतो आणि परत चढवतो. हे कसं जमतं, त्यातलं काय बिनधोक आहे आणि काय जिवावर बेतणारं आहे, ते आज समजून घेऊ. तुमच्याकडे ट्रक नसेल. पण ज्या ट्रकच्या पुढून तुम्ही दुचाकीवर जाता, त्याच्या मागच्या चाकांचा ब्रेक या कामाच्या सफाईवर अवलंबून असतो. तो कसा, ते पुढे येईलच.

वळणावरचं गणित

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, ओढायचं काम बैल करतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही. मोटारीत मात्र चाकांनीच गाडी ओढायची असते. इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना पोचवायची आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीनं फिरू द्यायचं, असा हा तिढा आहे.

आता थोडं गणित करू. ट्रकच्या मागच्या डाव्या आणि उजव्या चाकांत १.८ मीटर अंतर आहे असं धरा. गाडी फाट्यावर काटकोनात वळली, तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.८ मीटर जास्त चालतं. गंमत अशी, की वळण आखूड असो की ऐसपैस, गाडी काटकोनातच वळत असेल तर हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्याला जखडलेली असती, तर हे २.८ मीटर कुठल्या तरी टायरला रस्त्यावर घासत भरून काढावे लागले असते, नाही तर दांडाच पिळवटला असता.

हा तिढा फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी सोडवला. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीतही डिफरन्शियल होतं. आपल्याकडे १९५४ पासून टेल्को आणि डेमलर-बेंझ यांच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनू लागले आणि मागच्या एक्सलच्या पोटातला हा दातेरी गोळा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मिस्तरींच्या हाताखाली आला. मूळ कल्पना मात्र आजही पेकर यांचीच आहे.

इंजिनाकडून गाडीखालून मागे येणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. पिनियन एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, त्याला क्राउन म्हणतात. या जोडीनं फिरणं काटकोनात वळतं, वेग कमी होतो आणि ओढ वाढते. क्राउनला एक पिंजरा बोल्टनं आवळलेला असतो. पिंजऱ्यात एका क्रॉसवर छोटी दातेरी चाकं बसवलेली असतात, ती स्टार पिनियन. त्यांच्या दोन्ही बाजूंना साइड गिअर, आणि प्रत्येक साइड गिअरमध्ये एकेका चाकाकडे जाणारा दांडा अडकवलेला. हा दांडा म्हणजे एक्सल शाफ्ट. गाडी सरळ जाते तेव्हा पिंजरा आणि आतलं सगळं एकजीव होऊन फिरतं. गाडी वळली, की स्टार पिनियन स्वतःभोवती थोडं फिरतात आणि एका चाकाची कमी झालेली गती दुसऱ्याच्या पदरात टाकतात.

शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येतं. डिफरन्शियल म्हणजे दोन बैलांमधलं जू. जू औताला मधोमध बांधलेलं असतं. वळताना एक बैल पुढे गेला, तर जू तिरपं होतं, पण ओढ दोघांवर सारखीच राहते. आणि एक बैल बसला, तर? जू त्याच्या बाजूनं मागे जातं आणि दुसरा कितीही धष्टपुष्ट असला, तरी त्याची ओढ औतापर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत अडकलेल्या ट्रकचं नेमकं हेच होतं. चिखलातलं चाक गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म हलत नाही. म्हणून तर ट्रॅक्टरला डिफ लॉकचा पायटा दिलेला असतो. तो दाबला, की दोन्ही चाकं तात्पुरती जखडली जातात. मात्र वळण्याआधी तो सोडलाच पाहिजे.

डिफरन्शियल बिघडण्याचं एक मोठं कारणही इथंच सापडतं. चिखलात चाक फिरत असताना ड्रायव्हर जिद्दीनं रेस देत राहिला, की स्टार पिनियन कधी नव्हे इतक्या वेगानं क्रॉसवर फिरतात, तेल टिकत नाही आणि क्रॉस जळतो. त्यात चाकानं अचानक जमीन पकडली, तर दात किंवा शाफ्ट तुटतो. बाकीची कारणं नेहमीची आहेत: कुवतीबाहेरचा माल, कमी झालेलं तेल आणि तेलात शिरलेलं पाणी.

आधी नक्की काय मोडलं ते बघा

इंजिन चालू, गिअर पडला, क्लच सोडला, खाली प्रोपेलर शाफ्ट फिरतोय, पण गाडी जागची हलत नाही. अशा वेळी पुष्कळ जण डिफरन्शियल गेलं असं ठरवून मोकळे होतात. पण जुवाचा दाखला इथंही लागू पडतो. एका बाजूचा एक्सल शाफ्ट तुटला, तर सगळी गती त्या तुटक्या बाजूला निघून जाते आणि गाडी उभीच राहते. तेव्हा आधी दोन्ही एक्सल शाफ्ट ओढून बघायचे. एखादा तुटलेला निघाला आणि तेलात लोखंडाचे मोठे तुकडे नसले, तर नवा शाफ्ट घालून काम भागू शकतं. आत अडकलेला तुकडा मात्र तारेचा फास टाकून काढायलाच हवा. तो आत ठेवून गाडी चालवली, तर सगळा गोळाच फुटतो.

आवाजावरूनही बराच उलगडा होतो. रेस दिल्यावर किंवा सोडल्यावर घुमणारा आवाज येत असेल, तर क्राउन-पिनियनकडे बघावं. सरळ रस्त्यावर शांत आणि वळताना कटकट, तर स्टार पिनियनकडे. सतत खरखर असेल, तर बेअरिंगकडे. गिअर टाकताना ठक्कन आवाज येत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस तपासावेत. ते बाहेरून दिसतात आणि स्वस्तात बदलता येतात.

तेल काढायचा नट बहुधा लोहचुंबकाचा असतो. त्याला मऊ, करडा लेप चिकटलेला दिसला तर काळजीचं कारण नाही, ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारे कण, चकत्या किंवा दाताचे तुकडे दिसले, तर मात्र गोळा बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. तेल दुधाळ असेल, तर आत पाणी गेलं आहे असं समजावं.

ट्रक पळू नये म्हणून

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गिअरमध्ये टाकलेली गाडी उभी राहते, कारण चाकं एक्सल शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्या साखळीनं इंजिनाला बांधलेली असतात. या साखळीतला एक दुवा काढला, की गिअर निरुपयोगी होतो. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेकही प्रोपेलर शाफ्टवरच लागतो, तोही त्याच क्षणी निकामी होतो. म्हणजे मिस्तरी गाडीखाली पडून शेवटचा नट काढतो आणि नेमकी तेव्हाच गाडी मोकळी होते. रस्त्याचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण भरलेल्या ट्रकला तो कळतो.

म्हणून जागा सपाट आणि टणक हवी, डांबराच्या कडेचा भुसभुशीत भराव नको. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे किंवा मोठे दगड लावायचे. पाना हातात घेण्याआधी हे झालं पाहिजे. ज्या गाड्यांना हवेचे ब्रेक आहेत, त्यांत हवा गेल्यावर मागची चाकं स्प्रिंगनं जखडली जातात, त्याचा आधार मिळतो. पण त्या स्प्रिंगचा डबा कुणी रस्त्यावर खोलू नये. आतली स्प्रिंग एवढी दाबून बसवलेली असते, की ती सुटली तर माणूस वाचत नाही.

दुसरी सोय मात्र आपल्या बाजूची आहे. मोठ्या ट्रकचा मागचा एक्सल बहुधा ‘फुल फ्लोटिंग’ असतो. म्हणजे मालाचं वजन हाउसिंग आणि हबचे बेअरिंग पेलतात. एक्सल शाफ्टवर वजनाचा भार नसतो, तो फक्त चाक फिरवतो. त्यामुळे चाकं न काढता, गाडी न उचलता शाफ्ट बाहेर ओढता येतात. जीप किंवा लहान गाड्यांच्या पुष्कळशा एक्सलमध्ये तसं नसतं, तिथं शाफ्टच चाकाला धरून ठेवतो. तिथं चाक उचलावं लागतं आणि गाडी जॅकवर नाही, तर भक्कम घोड्यावर ठेवावी लागते. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरून जीव गमावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

गोळा उतरवताना

आधी तेल डब्यात काढून घ्यावं, ते जमिनीत सोडू नये. मग एक्सल शाफ्टचे नट काढायचे. पुष्कळ गाड्यांत या स्टडवर फटीचे निमुळते कोन बसवलेले असतात आणि नट काढूनही शाफ्ट हलत नाही. नवशिका मग सांध्यात छिन्नी घालतो आणि तेल अडवणारी पातच खराब करतो. जाणता मिस्तरी शाफ्टच्या चकतीवर मधोमध तांब्या-पितळेच्या हातोडीनं किंवा मध्ये लाकूड धरून घणानं एक खणखणीत ठोका देतो, की कोन उडून बाहेर येतात. काही चकत्यांना दोन जास्तीची आट्यांची भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट सारखे पिळत गेलं, की चकती आपोआप बाहेर सरकते. हाच आपला पुलर. डावा-उजवा शाफ्ट लांबीला वेगळे असू शकतात, म्हणून खडूनं खूण करून ठेवायची.

त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट. तो सोडण्याआधी दोन्ही चकत्यांवर छिन्नीची किंवा रंगाची एक सरळ रेघ ओढायची. हा दांडा तोल साधून बसवलेला असतो. तो उलटा बसला, तर गाडी थरथरते आणि नव्या कामाला फुकट दोष लागतो. सोडलेलं टोक लोंबकळत न ठेवता चासीला दोरीनं बांधावं.

आता मुख्य गोळा. मध्यम-जड ट्रकचा हा गोळा शंभर किलोच्या वर भरतो, आणि पिनियनच्या बाजूला नाक पुढे आल्यामुळे त्याचा तोलही पुढे असतो. नट सगळे सैल करायचे, पण वरच्या बाजूचे दोन नट काढायचे नाहीत, दोन-चार आट्यांवर ठेवायचे. मग लाकडानं ठोकून किंवा भोकं असतील तर बोल्ट पिळून गोळा पॅकिंगपासून मोकळा करायचा. तो एकदम निसटला, तरी त्या दोन नटांवर अडतो. खास जॅकऐवजी साध्या जॅकवर गोळ्याच्या आकाराची खाच पाडलेलं लाकूड ठेवतात, आणि नाकाला चासीच्या आडव्या पट्टीवरून चेन पुलीचा किंवा साखळीचा आधार देतात. खाली जुना टायर आडवा ठेवलेला असावा. एकेक फळी काढत, थोडं थोडं जॅक उतरवत गोळा टायरवर आणला, की पोत्यावरून तो बाहेर ओढता येतो.

या सगळ्यात वजनाच्या खाली कुणाचंही अंग येणार नाही, याची खात्री मिस्तरीनं करायची. विशेषतः हाताखालच्या पोराची. चढवताना भोकं जुळली का, हे बघायला पोरं बोट आत घालतात. “अरे, बोट नको घालू, टॉमी घाल!” असं वस्ताद ओरडतो, ते उगीच नाही. शंभर किलोचा गोळा अर्धा इंच सरकला तरी बोटाचं पेर जातं.

उघडायचं की आख्खं बदलायचं?

गोळा काढणं आणि गोळा उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. इथवर जे केलं, त्याला ताकद, युक्ती आणि सावधपणा लागला. खास अवजारांना पर्याय सापडले. उघडलं, की मात्र मापाचं काम सुरू होतं. म्हणून मोठ्या ताफ्यांची जुनी रीत अशी, की वाटेत किंवा आगारात आख्खा गोळा बदलायचा आणि बिघडलेला गोळा मोठ्या कार्यशाळेत नेऊन स्वच्छ टेबलावर उघडायचा. एकट्या मालकानंही, तयार केलेला खात्रीचा गोळा नांदेड-हिंगोलीहून मागवता येत असेल, तर तेच करावं. त्याचं आतलं माप आधीच लावलेलं असतं, आपण फक्त चढवायचा.

उघडायचंच असेल, तर तीन गोष्टी पाळाव्यात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार केलेले असतात, दोघांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. एकाचे दात गेले म्हणून एकच बदलणं म्हणजे नवं आणि जुनं दोन्ही घालवणं. बेअरिंगच्या टोप्या डाव्या-उजव्या बदलू नयेत, म्हणून काढण्याआधी त्यांच्यावर टिंबांच्या खुणा कराव्यात. आणि पिनियनमागच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, जितक्या आणि ज्या जाडीच्या निघाल्या, तितक्या जपून ठेवाव्यात.

माप कशानं घ्यायचं?

पिनियन आणि क्राउनच्या दातांमध्ये थोडी मोकळीक ठेवावी लागते. ट्रकच्या डिफरन्शियलमध्ये ती साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात मिळतो. मोकळीक कमी पडली, तर तापल्यावर दात एकमेकांना चावतात. जास्त झाली, तर गिअर टाकताना दात दातावर आपटतात. हे माप डायल गेजनं घेतात. तो नसेल, तर झाळकामाची मऊ तार दातांमध्ये घालून पिनियन फिरवायचा. दाबून चपट्या झालेल्या तारेची दोन्ही बाजूंची जाडी मायक्रोमीटरनं मोजून बेरीज करायची, ती मोकळीक. तार क्राउनच्या तीन-चार ठिकाणी घालून बघायची, म्हणजे क्राउन वाकडा फिरतोय का तेही कळतं. ‘हातानं हलवून अंदाज येतो’ असं म्हणणाऱ्या मिस्तरीचा अनुभव मोठा असेल, पण ०.२ आणि ०.४ मधला फरक हातानं खात्रीनं सांगता येत नाही.

दात कुठं टेकतात, हे बघायला गॅरेजमध्ये शेंदूर वापरतात. तेलात कालवलेला शेंदूर क्राउनच्या काही दातांना पातळ लावायचा आणि क्राउनला लाकडाचा अडसर देत पिनियन फिरवायचा. जिथं दात टेकतात तिथला शेंदूर पुसला जातो. तो पुसलेला ठिपका दाताच्या मधोमध हवा. तो दाताच्या शेंड्याकडे गेला, तर पिनियन फार लांब आहे. मुळाकडे गेला, तर फार आत आहे. दोन्ही वेळा शिम बदलायचे. गाडी ओढणाऱ्या बाजूवर तो दाताच्या बाहेरच्या जाड टोकाकडे सरकला असेल, तर मोकळीक जास्त आहे; आतल्या बारीक टोकाकडे गेला असेल, तर कमी. तेव्हा क्राउन सरकवायचा. मापाची ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खरी पद्धत, आणि कारखान्यातही रंग लावून हेच बघतात. शेंदरात शिसं असतं, तेव्हा त्याच हातानं भाकरी खायची नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

पिनियनचे बेअरिंग किती घट्ट आहेत, हे मोजायला भंगारवाल्याचा स्प्रिंगचा काटा पुरतो. पिनियनच्या चकतीभोवती सुतळी गुंडाळून ती काट्यानं सावकाश, सारख्या गतीनं ओढायची. चकतीची त्रिज्या ६ सेंटिमीटर असेल आणि काटा ४ किलो दाखवत असेल, तर ६ गुणिले ४, म्हणजे २४ किलो-सेंटिमीटर. हा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचा. कंपन्यांची पुस्तकंही हीच सुतळीची पद्धत सांगतात.

टॉर्कच्या पान्याचंही तसंच. पान्याला नळी जोडून नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर तोच काटा अडकवायचा आणि काटकोनात ओढायचं. काट्यानं १५ किलो दाखवले, की नटावर १५ किलो-मीटर पडले. काटा खरा आहे का, हे आधी किराणा दुकानातल्या वजनांवर पडताळून घ्यायचं. नुसतं नळी लावून दोघांनी लटकायचं, ही रीत मात्र सोडून द्यावी. तसा जास्त ताणलेला बोल्ट त्या दिवशी तुटत नाही, महिन्याभरानं क्राउनच्या पोटात तुटतो.

बसवणं आणि मागचा ब्रेक

बसवण्याची कृती म्हणजे काढण्याची उलट कृती, पण स्वच्छता दुप्पट. हाउसिंगच्या आतला तळ डिझेलनं धुऊन, पुसून घ्यायचा. आधीच्या गोळ्याचा एक तुकडा मागे राहिला, तरी नवा गोळा त्यावर फुटतो. दोन्ही पाती खरवडून साफ करायच्या, पॅकिंग नवं घालायचं. गोळा सरळ आत जावा म्हणून स्टड नसलेल्या हाउसिंगला दोन लांब बोल्टांची डोकी कापून वाटाड्यासारखे लावतात. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एक्सल शाफ्ट आत जात नसेल, तर तो अलगद फिरवून खाचा जुळवायच्या. घण मारायचा नाही. प्रोपेलर शाफ्ट खुणेला खूण लावून जोडायचा.

तेल डिफरन्शियलसाठीचंच हवं. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर लोळत नाहीत, घसटत जातात. त्यांच्यामधल्या प्रचंड दाबात इंजिनाचं तेल टिकत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, बाजूच्या पातळीच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं.

आणि आता सुरुवातीला सांगितलेली ब्रेकची गोष्ट. हाउसिंगवर हवा बाहेर जाण्यासाठी एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलानं बंद झाला, तर तापलेली हवा आतून दाब देते आणि तेल सीलमधून हबकडे जातं. सील नीट बसलं नसेल तरी हेच होतं. तिथून ते ब्रेकच्या लायनरवर उतरतं. तेलकट लायनर ड्रमला धरत नाही, आणि भरलेला ट्रक उतारावर थांबायला हवा तिथं थांबत नाही. बोटभर लांबीच्या त्या ब्रीदरला फुंकर मारून बघणं, हे या सगळ्या कामातलं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं काम आहे.

गाडी ओढूनच न्यायची ठरली, तर एक लक्षात ठेवावं. दोन्ही एक्सल शाफ्ट काढून, हबची तोंडं बंद करूनच ती ओढावी. नाही तर बंद इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्स मागून फिरत राहतो, त्याला पुरेसं तेल मिळत नाही, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

काम संपल्यावर मालकानं मिस्तरीला चार प्रश्न विचारावेत. क्राउन-पिनियनचा क्रमांक एकच आहे का? मोकळीक किती निघाली? शेंदराचा ठिपका कुठं आला? ब्रीदर साफ केला का? आख्खा गोळा बदलला असेल, तर पहिले तीन प्रश्न गोळा तयार करणाऱ्याला विचारावेत. चांगल्या मिस्तरीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट समोरच्याला काम कळतं याचं त्याला समाधान वाटतं. मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून थांबवावी आणि हाउसिंगला हात जवळ नेऊन बघावं. ते कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये. सांध्यातून तेल पाझरतं का ते बघावं आणि शाफ्टचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. एवढं झालं, की माल भरलेली गाडी निर्धास्तपणे पुढच्या गावाला जाऊ द्यावी.